काकांची सासवडची वाट

आमच्या घरमालक काकांना कुणी सासवडची वाट विचारली, की मी मुकाट्यानं भातात आणखी मूठभर तांदूळ टाकत असे. विचारणारा बिचारा तांब्याभर पाणी पिऊन निघायच्या बेतानं ओसरीवर टेकलेला असायचा. पण काका पगडी मांडीवर घेऊन समोर बसले, की जेवल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. "सासवड ना? सांगतो. नीट बसा," असं म्हणून ते आमच्या दारापुढच्या ओढ्यापासून सुरुवात करायचे. ते कोंढव्याला पोचेपर्यंत इकडे माझी आमटी आटून जायची. घाट तर अजून लांबच.

आणि गंमत ऐका. या गृहस्थांनी स्वतः जन्मात तो ओढा ओलांडलेला नव्हता!

काका म्हणजे आमचे कुणी सख्खे काका नव्हेत. आमचे हे श्रीमंतांच्या फडात, म्हणजे सरकारी दप्तरात, कारकुनीला लागले तेव्हा त्यांनी काकांच्या घरात बिऱ्हाड केलं. पेठेचं अगदी शेवटचं घर. पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडून सासवडची वाट सुटते. काकू कधीच्याच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून काकांचं पान आमच्याकडेच असायचं. माझं माहेर सासवडचं. मी नवी नवरी म्हणून गाडीतून उतरले ती त्याच वाटेनं आलेली, म्हणजे काकांच्या तावडीत आयतीच सापडलेली. माप ओलांडायला पाय उचलला, तर काका दारात उभे. "काय गं, घाटातल्या दुसऱ्या वळणावरचं टाकं भरलेलं होतं का?"

मी म्हटलं, "काका, मी वाटभर रडत आले. मला कसलं टाकं दिसतंय!"

"रडताना डोळे उघडे ठेवायला काय हरकत होती?" ते म्हणाले. त्या दिवसापासून आमचं जे जुंपलं ते जुंपलंच.

आता ते प्रस्थानाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समजा, तुम्हाला गावाला जायचंय. जोशीबुवांनी मुहूर्त काढून दिला आजचा, आणि तुमचं निघणं काही चार-आठ दिवस होत नाही. मग मुहूर्त चुकू नये म्हणून माणसाच्या ऐवजी त्याचं गाठोडं निघतं. एखादं धूतवस्त्र, तांदूळ, सुपारी, जानवं असं बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. हेच प्रस्थान. तुम्ही निघालात असं धरून चालायचं. मग ठरल्या मुदतीत सवडीनं जाऊन तिथून गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. एक मात्र आहे, ते गाठोडं मागे घरी आणायचं नाही. तसं करणं म्हणजे अपशकुन.

आमचं घर त्या अंगाचं शेवटचं. त्यामुळे सासवड, जेजुरी, नीरेपलीकडं कुठंही जाणाऱ्या अर्ध्या पुण्याची गाठोडी आमच्या ओसरीवर. खुंट्या अपुऱ्या पडायच्या. सावकारांचं रेशमी गाठोडं आणि धोब्याचं धडप्यातलं गाठोडं एका ओळीत टांगलेलं असायचं. काका कुणाला नाही म्हणत नसत. त्यांची अट एकच होती, की परत आल्यावर घरी जायच्या आधी इथं बसायचं आणि वाट सांगायची.

सांगायची म्हणजे कशी! "बरी होती" म्हटलेलं चालत नसे. विहिरीला पायऱ्या आहेत की रहाट आहे? झाडाची सावली सकाळी वाटेवर पडते की शेतात? चढावर बैल कुठं थांबला, आणि तिथंच का थांबला? अंदाजानं बोललेलं त्यांना खपत नसे. कुणी "असेल तिथं एखादं देऊळ" म्हणाला, की काका अडकित्ता खाली ठेवून त्याच्याकडे असं बघायचे की तो ओशाळून जायचा. सरकारी जासूद घाईत असले तर आमच्या घरापुढून जातच नसत. मागच्या काट्याकुट्यांतून जायचे, धोतर फाटलं तरी चालेल म्हणायचे.

पण खरं सांगू? चिडत चिडत मीसुद्धा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ऐकत बसायची. वाट म्हणजे आपण चालतो ती, यापलीकडे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. काका विचारायचे, ही इथंच का आहे? कोंढव्याच्या अलीकडं चांगली सपाट जमीन असताना वाट एकाएकी उजवीकडे कमान घेऊन पुन्हा जागेवर येते. मी लहानपणापासून त्या वळणावरून आलेली-गेलेली, पण मला कधी प्रश्न पडला नाही. काकांनी कितीतरी म्हाताऱ्यांना ओसरीवर बसवून त्याचा छडा लावला. फार पूर्वी तिथं एका तोफेचा गाडा मोडून चिखलात रुतला होता. पावसाळाभर तो तिथून हलेना, म्हणून लोक वळसा घालून जाऊ लागले. पुढे तोफ गेली, गाडा गेला, आणि वळसा मात्र आजतागायत आहे. "आपले पणजोबा ज्या गाड्याला चुकवून गेले, त्यालाच आपण अजून चुकवतोय," काका म्हणायचे आणि स्वतःच हसत सुटायचे.

घाटाचंही तसंच. हे एकदा म्हणाले की घाट सरकारनं बांधला. काकांनी कपाळाला हात लावला. "सरकारनं दगड बसवले हो! वाट लमाणांच्या बैलांची आहे. पाठीवर मिठाचं ओझं असलेला बैल चढ सरळ कधी चढत नाही, आडवा आडवा जातो. तो जिथं वळला तिथं वळण झालं. सरकार बैलाच्या मागून आलं." हे फडातले कारकून पडले, त्यांनी घाबरून आधी दार लावून घेतलं.

एवढं सगळं खरं, पण काकांची एक खोड होती. वाटेवर काही नवं झालं असं कुणी सांगितलं, की ते लगेच मान्य. पण जुनं काही गेलं म्हणालं, की मान्य नाही. कुणी सांगावं, "काका, ती पडकी धर्मशाळा पाडून नवी बांधली." काका म्हणणार, "बरं. म्हणजे आता दोन झाल्या." एक विहीर बुजली, दुसरी खणली, तर काकांच्या वाटेवर दोन विहिरी. झाड उन्मळून पडलं आणि त्या जागी चौकी बसली, तर काकांकडे झाडही आणि चौकीही. "तुझं लक्ष नसेल," एवढंच उत्तर. असं करता करता ती वाट इतकी भरून गेली होती, की हे म्हणायचे, काकांच्या वाटेवर पाऊल ठेवायला जागा उरलेली नाही.

मग हा माणूस स्वतः का जात नाही? सासवडला काही परकं नव्हतं. त्यांची थोरली बहीण तिथं दिलेली होती, आक्का. आमच्या माहेराच्या आळीतच त्यांचं घर. पूर्वी दरसाल त्या माहेरपणाला यायच्या. मग गुडघे धरले, गाडीचे हिसके सोसेनात, आणि येणं थांबलं. मी माहेरी गेले की त्यांच्याकडे जायचीच. दर खेपेला त्यांचा एकच निरोप असायचा. "मी येत होते तोवर आले. आता त्यानं यावं म्हणावं."

निरोप पोचला की काका जोशीबुवांकडे धावायचे, मुहूर्त काढायचे आणि प्रस्थान ठेवायचे. पण ठेवणार कुठं? घर शेवटचं! मग त्यांनी तोड काढली. आमचं बिऱ्हाड चौकाच्या पूर्वेला, चूल वेगळी, म्हणजे शास्त्राप्रमाणे परकं घर. मी म्हटलं, "अहो, रोज जेवता इथं!" तर म्हणाले, "पाहुणा म्हणून जेवतो." झालं. त्यांचं गाठोडं माझ्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर. रोज जेवायला बसले की वर बघायचे आणि म्हणायचे, "मी निघालोय बरं का."

निघतायत कुठले! गाठोडं टांगलं, की एखादा गाडीवान येऊन सांगायचा, काल घाटात दरड आली. की काकांचं सुरू, दरड कुठल्या वळणावर? वाट वरून काढली की खालून? ते कळेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. ते कळेस्तोवर प्रस्थानाची मुदत उलटायची. गाठोडं ओढ्याकाठच्या गुरवाला देऊन टाकायचे, पुन्हा जोशीबुवा, पुन्हा मुहूर्त, पुन्हा माझी खुंटी. त्या गुरवाला धोतर म्हणून विकत घ्यावं लागलं नाही.

एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तर आक्का ओसरीच्या अगदी कडेला, उन्हात बसलेल्या. म्हटलं, "आक्का, आत बसा की." त्या म्हणाल्या, "आत तुझं तोंड दिसत नाही गं. इथं कडेकडेनं दिसतं." वैद्यांनी हात टेकले होते. आक्कांनी माझा हात धरला. "त्याला सांग, मला दिसतंय तोवर ये. त्याचं तोंड एकदा बघू दे. मग डोळे गेले तरी मी बोलणार नाही."

मी पुण्यात आले आणि चपला काढायच्या आधी सांगितलं. काका ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांनी मला वाट विचारली नाही. दुसऱ्याच दिवशी गाठोडं माझ्या खुंटीवर आलं. मला वाटलं, चला, आता तरी निघाले. पण नाही. पाऊस सुरू झाला, चिखल झाला, वाट सरकली. पाऊस संपला, तर नवी गाडीवाट पडली म्हणे, ती नीट कळू दे. दसरा गेला, दिवाळी गेली. मी सांगून थकले, भांडून थकले. एकदा तर ताट समोर आपटलं मी. काका खाली मान घालून जेवले.

थंडीत माझ्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं. माहेरची गाडी अंजिरं घेऊन मंडईत यायची, तीच मला न्यायला आली. पहाटे निघताना मी स्वयंपाकघरात शेवटची नजर टाकली आणि खुंटीवरचं ते गाठोडं दिसलं. माझं डोकंच फिरलं. काढलं गाठोडं, गाडीत टाकलं आणि गड्याला म्हटलं, "हाक."

"ह्ये कुणाचं?" त्यानं विचारलं.

"काकांचं. ते येतायत मागून."

गाडी ओढ्यात उतरली तोच ओसरीवरून आरडाओरडा. "अगं ए! माझं प्रस्थान! थांब! मागे आण!"

मी गाडीतून ओरडले, "मागे आणता येत नाही! शास्त्र आहे!"

काय सांगू तुम्हाला! काका एका हातात पगडी, एका हातात धोतराचा सोगा धरून धावत सुटले. ओढ्याशी क्षणभर थांबले. मग डोळे मिटले आणि शिरले पाण्यात. गाडीशी पोचले तेव्हा बोलायचा दम नव्हता. गड्यानं हात देऊन वर घेतलं. काका गाठोडं छातीशी धरून बसले आणि कोंढव्यापर्यंत माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. तोफेच्या वळणावर मात्र राहवलं नाही. गाडी उजवीकडे वळली तसं त्यांनी कडेला ओणवं होऊन खाली बघितलं, आणि गालातल्या गालात हसले.

तिथून पुढे मात्र सगळं बिनसलं. "आता पिंपळ," काका म्हणाले. पिंपळ नव्हता. "पिंपळ कवाच पडला काका," गडी म्हणाला, "माज्या बापानंच त्याचं सरपण न्हेलं." मग विहीर आली नाही. धर्मशाळा आली ती एकच. घाट चढताना काका ज्या खिंडीची वाट बघत होते तिथून वाट गेलीच नाही, दरडीमुळं ती खालून फिरवलेली. काकांचा चेहरा उतरत गेला. अर्ध्या चढावर ते एकदम म्हणाले, "गाडी थांबव. मला उतरू दे. ही वाट ती नव्हे."

माझा तोल गेला. "काका, तिकडे आक्का डोळ्यांत प्राण आणून बसल्यात, आणि तुम्हाला पिंपळ हवा आहे?"

ते ओरडतील असं वाटलं मला. पण ते हळूच बोलले. "आक्का पहिल्यांदा सासरी निघाली ना, तेव्हा मी तिला विचारलं, तू कुठं चाललीस? ती म्हणाली, मलाच ठाऊक नाही रे. एवढीशी पोर ती. गाडी ओढ्यापलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली. पुढं ती माहेरी आली, तेव्हा मी तिच्याकडून सबंध वाट वदवून घेतली. कुठं पिंपळ, कुठं विहीर, सगळं. म्हणजे मग रात्री पडल्या पडल्या तिच्यापर्यंत जाता यायचं." मग डोंगराकडे हात करून म्हणाले, "आणि आता इथं तर काहीच नाही."

मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणत होते. पदर डोळ्यांना लावून म्हटलं, "पिंपळ गेला असेल काका. आक्का आहेत ना अजून."

काका उतरले नाहीत.

ऊन कलता कलता सासवड आलं. आक्का ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काका समोर जाऊन उभे राहिले, अगदी तोंडासमोर. आक्कांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "आक्का, काका आलेत."

त्यांचे हात थांबले. चेहरा वर झाला तो काकांच्या जरा बाजूला, तुळशीकडे. "आलास?" त्या म्हणाल्या. "ये. दिवाळीला आला असतास तर पणत्या तरी दिसत होत्या. आता काय बघू रे तुझं?"

काकांनी पगडी उतरवून बाजूला ठेवली, खाली बसले आणि आक्कांपुढच्या सुपातल्या शेंगा सोलायला लागले. कितीतरी वेळ दोघं सोलतच होती. मी तिथून निघून गेले. मला काकांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बारसं झालं. मी परत निघाले, तर गाडीत आक्का आधीच चढून बसलेल्या. गुडघ्याखाली उशा, अंगावर घोंगडी. त्यांची सून म्हणाली, "ऐकतच नाहीत, माहेरी जायचं म्हणतात." आक्का म्हणाल्या, "हिसके बसू देत. न्यायला भाऊ आलाय माझा." काका त्यांच्या शेजारी बसले.

गाव मागे पडलं तशी आक्कांनी विचारलं, "कुठं आलो रे?"

काकांनी एकवार बाहेर बघितलं. दोन्हीकडे नुसती नांगरलेली रानं. मग ते डोळे मिटून म्हणाले, "आता आंब्यांची जोडी येईल. थोरला डाव्या हाताला."

"त्याच्या ढोलीत पोपट असायचे."

"आहेत की."

गड्यानं मागे वळून तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की तो पुन्हा बैलांकडे बघू लागला. मग दोघांचं जे सुरू झालं! काका एकेक सांगत होते आणि आक्का त्यात भर घालत होत्या. एका ठिकाणी काका म्हणाले, "हे म्हसोबाचं ठाणं, आणि पुढे विहीर." आक्का म्हणाल्या, "छट्! विहीर आधी, म्हसोबा मागून. तुला काय माहीत? तू कधी आलास या वाटेनं?" मला वाटलं, झालं, आता भांडण. पण काका म्हणाले, "बरं, विहीर आधी." त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकून एक विहीर इकडची तिकडे केली होती. आणि मी सांगते, तिथं ना म्हसोबा होता ना विहीर, नुसती जोंधळ्याची धसकटं होती.

घाटमाथ्यावर बैल सोडले. खाली पुणं दिसत होतं. मी आक्कांना पाणी दिलं. काकांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि वारा घेत होते. डोक्यावर होती नव्हती ती शेंडी पांढरी शुभ्र, कपाळाला आठ्या, गालफडं बसलेली. आक्का त्यांच्या दिशेला तोंड करून बराच वेळ काही ऐकत असल्यासारख्या बसल्या होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "खरं सांगशील? तुझी शेंडी पिकली का रे?"

अंदाजानं बोलणाऱ्याला ओसरीवरून उठवणारा तो माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या तोंडाचा पट्टा त्यांनी सोसला, ते तोंड मी घट्ट मिटून घेतलं.

"छे गं आक्का," काका म्हणाले. "काळीभोर आहे अजून."

"तरीच," आक्का म्हणाल्या. "मला तसाच दिसतोयस."